त्याच सालाची भर

१

रविवारी सकाळी दहा वाजता बाबा बाटल्यांना भेटायला जात. घरात बायको आजारी असो, नळ फुटलेला असो, नाहीतर मुलगी दोन बस बदलून धापा टाकत दारात उभी असो, दहा म्हणजे दहा. खिशात छोटी बॅटरी, कानावर पेन्सिल, हातात कागदाची पट्टी. आतल्या खोलीचं दार उघडायचं, आत शिरायचं आणि लगेच लावून घ्यायचं. आतला थंडावा बाहेर जाता कामा नये ना! बायको बाहेर दोन स्वेटर घालून कुडकुडत बसली तरी हरकत नाही.

ती खोली एके काळी लवंगीची होती. लवंगी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणापासून राग नाकाच्या शेंड्यावर, म्हणून घरात हे नाव पडलं, आणि चाळिशी ओलांडली तरी नाव आणि राग दोन्ही जागच्या जागी होते. तिचं लग्न झालं त्याच महिन्यात बाबांनी तिचा पलंग विकून टाकला, खिडकीवर फळ्या ठोकल्या, थंड हवेचं यंत्र बसवलं आणि भिंतभर मांडण्या केल्या. मांडण्यांवर सगळा माल एकाच वायनरीचा. दोन तासांवर डोंगरउतारावर ही जुनी वायनरी होती. बाबा मोजणीखात्यात असताना तिची जमीन मोजायला गेले आणि तिथेच त्यांचा जीव अडकला. तिथली नेहमीची वाइन त्यांना नको असायची. गारपिटीच्या वर्षी जेमतेम दोनशे बाटल्या निघाल्या, त्यातली एक. लेबल उलटं चिकटलेली एक. कामगारांसाठी भरलेली, बिनलेबलाची, काचेवर नुसती खडूची खूण असलेली एक. अशा जुन्या, विचित्र, पुन्हा न मिळणाऱ्या बाटल्या ते गोळा करत. प्यायचं नाव नाही. बघायचं, मोजायचं आणि दार लावून घ्यायचं.

मोजायचं म्हणजे बाटलीतली पातळी मोजायची. जुनी वाइन बुचातून हळूहळू उडत जाते. ती बाटलीच्या मानेत असली तर उत्तम, खांद्यावर उतरली तर बाटली गेली म्हणायची. बाबांचं निम्मं आयुष्य माना आणि खांदे बघण्यात गेलं. समोर बसलेल्या बायकोचे खांदे कसे उतरलेत हे मात्र त्यांना सहा महिन्यांत एकदाही दिसलं नव्हतं.

आई शिवणकाम करायची. माणूस दारातून आत आला की त्याचं माप तिला नजरेनंच कळायचं. कापड बेतताना ती ओठांतल्या ओठांत इंच मोजायची आणि त्या वेळी कोणी बोललेलं तिला खपायचं नाही. मार्चपासून ती कमी कमी होत चालली होती. दुसरा शब्द नाही. ताप नाही, गाठ नाही, रिपोर्ट सगळे स्वच्छ. अंग झडत होतं आणि अंगाबरोबर एकेक गोष्ट जात होती. आधी कात्री कोणत्या बोटांत धरायची ते गेलं. मग शेजारणीचं नाव गेलं. आता सप्टेंबरात ती दिवसभर पलंगावर बसून सगळ्यांकडे बघून गोड हसायची, आणि ते हसू बघितलं की लवंगीला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं.

त्या रविवारी ती आईचे केस विंचरत होती, तेवढ्यात आतून हाक आली.

"लवंगे, जरा इकडे ये. एक गंमत दाखवतो."

"आईचं अजून आवरायचंय बाबा."

"ते होईल गं. हे बघ आधी."

ती कंगवा हातात घेऊनच आत गेली. बाबांनी मधल्या मांडणीवरच्या एका बाटलीमागे बॅटरी धरली होती. काळपट हिरवी काच, मेणाचा शिक्का, लेबलावर फक्त साल. पुढे कागदाची पट्टी लावलेली आणि पट्टीवर पेन्सिलीच्या दहाबारा रेघा, प्रत्येक रेघेसमोर तारीख.

"आणली तेव्हा खांद्याच्याही खाली होती," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज आनंदानं थरथरत होता. "आणि आता बघ."

वाइन मानेत चढली होती.

२

लवंगी नगरपालिकेच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. बंद बाटलीतला द्रव आपोआप वाढत नाही, हे तिला कोणी सांगायला नको होतं. गरमीनं थोडा फुगेल, वायूनं बूच उचललं जाईल. पण खांद्यावरून मानेत? मग एकच गोष्ट उरते. कोणीतरी भर घालतंय. आणि घरात असं कोण होतं? म्हणजे बायको डोळ्यांदेखत झिजत असताना हा माणूस दार लावून बाटलीशी खेळत बसलाय, आणि वर मुलीला मूर्ख बनवतोय! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोणाला दाखवायचंय हे? तुमच्या त्या बाटलीवाल्या मित्रांना?"

"मी हात लावलेला नाही."

"मग चमत्कार झाला म्हणायचा!"

"मी कुठे तसं म्हणतोय?" बाबा शांतपणे म्हणाले. त्यांचा हा शांतपणाच तिला लहानपणापासून सहन व्हायचा नाही.

तिनं पर्समधून पाण्याच्या नमुन्यांना लावतात ती चिकटपट्टी काढली. मेणावरून मानेपर्यंत दोन वेढे दिले, टोकावर सही केली, तारीख घातली. काचेवर बारीक शाईपेनानं पातळीची रेघ मारली. पट्टी जराही हलली तर फाटणार, आणि फाटली की चोर सापडणार. बाबा बाजूला उभे राहून सगळं बघत होते. त्यांनी तिला अडवलं नाही, याचं तिला तेव्हा काहीच वाटलं नाही.

ती निघणार एवढ्यात थंड हवेचं यंत्र आपोआप बंद पडलं. ते अधूनमधून पडायचंच. खोली एकदम गप्प झाली आणि त्या शांततेत टप् असा आवाज आला. एकच थेंब. नळ तर त्या खोलीत नव्हताच.

बाहेर पलंगावर आईला जोराचा ठसका लागला.

३

पुढच्या रविवारी चिकटपट्टी जशीच्या तशी होती. सही शाबूत, वेढे शाबूत. वाइन रेघेच्या वर भाताच्या दाण्याएवढी चढलेली.

लवंगीनं चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. बाटली उभी आहे का तिरकी, तेही तपासलं. खोलीतल्या तापमापकावरचा आकडा गेल्या आठवड्याएवढाच होता. मग ती बाहेर गेली, आईला उचलून वजनकाट्यावर उभं केलं. उचलून! ज्या बाईनं तिला दहाव्या वर्षापर्यंत कडेवर घेतलं, ती आता तिच्या हातावर भरलेल्या पिशवीइतकीसुद्धा जड लागत नव्हती. आठवड्यात दोन किलो उतरले होते.

तिनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

"वय झालं की असं होतं," डॉक्टर म्हणाले.

"अडुसष्ट म्हणजे वय? तुमचे वडील ब्याऐंशीचे आहेत, सकाळी पळायला जातात. मी बघितलंय त्यांना!"

"तुम्ही जरा शांत व्हा बरं."

तिनं फोन आपटला. शांत व्हा, म्हणे! या घरात सगळे शांतच होते, आणि म्हणूनच तर ही वेळ आली होती.

ती परत खोलीत आली आणि यावेळी तिनं बाबांची कागदाची पट्टी नीट वाचली. सगळ्यात वरची रेघ मंगळवारची होती, म्हणजे बाबा मोजायला रविवारपुरते थांबत नव्हते. मंगळवारी दुपारी आईनं तिला ऑफिसात फोन केला होता आणि विचारलं होतं, "मी कोणाला फोन लावलाय हो?" त्याखालची रेघ ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातली. शेजारणीचं नाव गेलं तो आठवडा. योगायोग असेल, ती स्वतःला म्हणाली. दोन गोष्टी जुळल्या म्हणून तिसरी जुळत नाही, आपण शिकलेसवरलेले आहोत. मग तिनं सगळ्यात खालची रेघ बघितली. मार्च, नऊ तारीख. त्या दिवशी आई कात्री हातात घेऊन रडली होती, आणि लवंगी रजा टाकून धावत आली होती.

तिनं लेबलावरचं साल वाचलं. आधीही वाचलं होतं, पण आकडा म्हणूनच. आता तिला कळलं की ते आईच्या जन्माचं साल आहे.

"वाढदिवसाला म्हणून घेतली होती तिच्यासाठी," बाबा दारातून म्हणाले. त्यांचं लक्ष लवंगीकडे नव्हतं. ते मानेतली पातळी बघत होते.

४

सोमवारी लवंगीनं रजा घेतली आणि वायनरी गाठली. आपण एका बाटलीबद्दल विचारायला दोन तास बसमध्ये धक्के खात आलोय, हे कोणाला कळलं तर लोक वेड्यात काढतील, असं तिला वाटेत चारदा वाटलं.

तळघराचा कारभार एका पोक्त बाईंकडे होता. जाडजूड मनगटं, कमरेला चामड्याचा एप्रन, नखं कायमची जांभळी. त्या दगडी टेबलाशी जुन्या बाटल्यांची बुचं बदलत होत्या. एक बाटली उघडायची, कमी झालेली वाइन दुसऱ्या बाटलीतून हलक्या हातानं वर घालायची, नवं बूच ठोकायचं. हात यंत्रासारखा चालत होता.

"पंचवीसेक वर्षांनी करावंच लागतं," त्या म्हणाल्या. "भर मात्र त्याच सालाची पाहिजे. दुसऱ्या सालाची घातली तर वाइन बिघडते. मग त्या सालाची एक बाटली बाजूला ठेवायची, आणि तिच्यातून बाकीच्यांना द्यायचं."

लवंगीनं मोबाइलवर फोटो दाखवला. बाईंचा हात थांबला.

"ही आमची भर घालायचीच बाटली," त्या म्हणाल्या. "हिच्यातून आम्ही घेतो. खांद्याखाली गेली की कोणाकडे तरी जाते, आणि वर्षा-दोन वर्षांनी भरून परत येते. माझ्या डोळ्यांदेखत तीनदा आली."

"कोण आणून देतं?"

"ज्याच्या घरी असते तो. तीनही वेळा बायको गेलेला माणूस होता."



"असं कसं होईल?"

"कसं ते मला विचारू नका. मी बुचं बदलते. पण तेव्हापासून कोणालाही मी एक प्रश्न विचारल्याशिवाय देत नाही, की घरात या सालात जन्मलेलं कोणी आहे का. तुमच्या वडिलांनाही विचारलं होतं. दोन वर्षं इथं येऊन बसायचे बाटलीसाठी. दोनदा विचारलं मी."

"मग?"

"नाही म्हणाले."

५

ती घरी पोचली तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. आई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, ओठ किंचित उघडे, डोळे छताकडे. लवंगीनं हाक मारली, तर तिनं मान वळवायला खूप वेळ घेतला. बाबा स्वयंपाकघरात चहा पीत होते. एकच कप केला होता.

"तुम्हाला विचारलं होतं त्यांनी."

बाबांनी कप खाली ठेवला. कोणी, काय, असलं काही त्यांनी विचारलं नाही. तेवढ्यावरून तिला सगळं समजलं.

"मला वाटलं, कारागिरांच्या समजुती असतात काहीतरी," ते म्हणाले. "हो म्हटलं असतं तर त्यांनी दिली नसती."

"आणि खरं आहे हे कधी कळलं?"

"एप्रिलमध्ये शंका आली."

"एप्रिल! आता सप्टेंबर चाललाय, बाबा! पाच महिने तुम्ही पट्टी घेऊन रेघा मारताय? ती इथं बसून संपतेय आणि तुम्ही मोजताय?"

"अगं, फोडून टाकली तर जे आत गेलंय त्याचं काय होईल? मी विचार करत होतो."

"विचार! बाटलीशेजारी उभे राहून कसला विचार करत होता, मी बघितलंय ना तुमचं तोंड!"

बाबांनी कप दूर सरकवला. मग खालच्या मानेनं, जवळजवळ लाजत, म्हणाले, "त्या सालाची बुचापर्यंत भरलेली बाटली कोणाकडेच नाही, लवंगे. एकाकडेही नाही. आणखी दोन आठवडे थांबलो असतो तर..."

पुढचं त्यांनी गिळलं, पण बोलून झालं होतं. लवंगीला वाटलं, या माणसाच्या अंगावर धावून जावं, त्याचा कप, त्याची पट्टी, त्याच्या सगळ्या माना आणि खांदे जमिनीवर आपटावेत. ती उठली, खोलीचं दार सताड उघडून आत गेली आणि ती बाटली उचलून घेऊन आली. बाटली कोमट होती. त्या थंडगार खोलीत सहा महिने उभी असलेली काच, आणि तळहाताला कोमट लागत होती.

६

विचार सोपा होता. आत गेलंय ते तिला परत पाजायचं. वेडेपणा असेल तर असू दे, एक पेला वाइननं कोणी मरत नाही.

तिनं चिकटपट्टी फाडली, मेण सुरीनं खरवडलं, बूच काढलं. बूच वाटेत तुटलं आणि चुरा आत पडला. जुनी बाटली उघडली की वरची दोन बोटं वाइन आधी ओतून द्यायची, चुरा निघून जातो, हे बाबांनीच तिला आठव्या वर्षी शिकवलं होतं. हात आपोआप मोरीकडे वळला.

"थांब," बाबा म्हणाले.

त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच भीती होती. सहा महिन्यांत पहिल्यांदा! आणि ती बाटलीसाठी, असंच तिला वाटलं. डॉक्टरांसमोर हा आवाज निघाला नाही, काट्यावर आईला उभं केलं तेव्हा निघाला नाही, आणि आता दोन बोटं वाइनसाठी निघाला. तिनं त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बाटली तिरकी केली. दोन बोटं गेली. तिनं हात सरळ केला नाही. तीन, चार. जाऊ दे. बघू दे यांना. एकदा तरी यांचंही काहीतरी डोळ्यांदेखत जाऊ दे.

"लवंगे, वरचं नको! वरचं तिचं आहे!"

बाबांनी तिचं मनगट धरलं तोवर बाटली निम्मी झाली होती.

"काय?"

"भर वरून पडते," बाबा कसेबसे म्हणाले. "खालचं आधीपासूनचं आहे. मी आणली तेव्हाचं. ते तिचं नाही."

मोरीच्या जाळीवर लाल फेस होता आणि खालून पाणी ओढलं जाण्याचा आवाज येत होता. तो थांबता थांबता आणखी काहीतरी ऐकू आलं. नळीत, खूप खाली, कोणीतरी ओठांतल्या ओठांत मोजत होतं. साडेतेरा, चौदा, साडेचौदा. आवाज घाईत नव्हता. कामात असलेल्या बाईचा होता. पंधरापर्यंत आला आणि लांब गेला.

लवंगी मोरीत कोपरापर्यंत हात घालून बसली. जाळी उपटली, बोटं नळीत जातील तितकी घातली. हाताला नुसता ओला गाळ लागला.

७

बाहेर पलंगावरून काहीच आवाज येत नव्हता. ती धावली. आई तशीच भिंतीला टेकलेली, डोळे उघडे, श्वास इतका बारीक की चष्म्याची काच नाकाशी धरून बघावा लागला.

"नको पाजूस," बाबा दारातून म्हणाले.

"तुम्ही बोलू नका. एक अक्षर बोलू नका!"

थोडं तरी मिसळलं असेल. थेंबभर तरी तिचं खाली उतरलं असेल. दुसरं हातात होतंच काय? तिनं उरलेली वाइन पेल्यात ओतली, आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्याचमच्यानं पाजत राहिली. पहिले चमचे ओठांवरून ओघळले. मग घसा हलला. मग आईनं स्वतःच्या हातानं पेला धरला आणि तळापर्यंत प्यायली.

पंधरा मिनिटांत गालांवर रंग आला. अर्ध्या तासात ती उठून बसली, दोन्ही स्वेटर काढून ठेवले, केसांचा घट्ट अंबाडा घातला. आई कायम वेणी घालायची. बाटली परत आणून देणाऱ्या त्या तिघांपैकी कोणाची तरी बायको अंबाडा घालत असेल. ती पलंगावरून उतरली आणि ताठ पावलं टाकत घरभर फिरली. भिंतींना हात लावून बघितलं, आतल्या खोलीत डोकावली, यंत्राच्या घरघरीला नाक मुरडलं. बाबा वाटेत उभे होते, तर त्यांना "जरा सरका हो" म्हणून पुढे गेली. बाबांनी तोंडावर पदरासारखा टॉवेल धरला आणि ते भिंतीशी खाली बसले.

लवंगी पलंगाशेजारी जमिनीवर तशीच होती. रिकामा पेला तिच्या हातात होता. ओरडायला तिनं तोंड उघडलं, पण बाबांवर ओरडायला काही सुचेना, आणि दुसरं कोणी त्या घरात ओरडण्यासारखं नव्हतं, ती स्वतः सोडून. मग ती रडायला लागली, लहान मूल रडतं तशी, मोठ्यानं.

ती बाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर मनापासून काळजी होती.

"अहो, असं रडू नका," ती म्हणाली. "कोणी गेलं का तुमचं?"

लवंगीनं होकारार्थी मान हलवली.

बाईनं तिला उठवून पलंगावर आपल्या शेजारी बसवलं, जवळ घेतलं आणि तिच्या पाठीवरून हळूहळू हात फिरवायला लागली. हात आईचाच होता.